नवा वेगवान मार्ग की जुन्याची सुधारणा? रेल्वेचं जाळं आखताना काय निवडावं

देशाच्या रेल्वेवर मोठा पैसा घालायची वेळ आली की सगळी चर्चा ताशी किलोमीटरच्या एका आकड्याभोवती फिरू लागते. २०० पुरे की ३०० हवेत? ३०० करायचेच आहेत तर ३५० का नकोत? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी हे ठरायला हवं, की कोणत्या दोन शहरांमधला प्रवास किती वेळात व्हायला हवा आणि जंक्शनवर उतरलेल्या माणसाला पुढच्या गावची गाडी किती मिनिटांत मिळायला हवी. आधी वेळापत्रक, मग रूळ. हा क्रम पाळला की नवा मार्ग बांधायचा की जुना सुधारायचा, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

ज्यांना या विषयात खरोखर बाजू घ्यायची आहे, प्रस्तावावर मत द्यायचं आहे, त्यांच्यासाठी हा आढावा. पर्याय ढोबळमानाने चार आहेत. एक, जुन्या जाळ्यापासून पूर्ण वेगळा, फक्त प्रवासी गाड्यांचा नवा वेगवान मार्ग. दोन, मोकळ्या मुलखात नवा मार्ग, पण शहरात शिरताना आणि मार्ग संपल्यावर त्याच गाड्या जुन्या रुळांवरून पुढे. तीन, जुन्याच मार्गाचं दुहेरीकरण, विद्युतीकरण, नवं सिग्नलिंग, वळणं सरळ करणं. चार, रूळ तसेच ठेवून वळणावर आत कलणाऱ्या गाड्या आणणं.

मिनिटं कुठून मिळतात

थोडं गणित करू. १०० किलोमीटरचं अंतर ताशी २५० ऐवजी ३०० च्या वेगाने कापलं तर २४ मिनिटांची २० होतात. चार मिनिटं वाचली. आता शहराच्या तोंडाशी यार्डातून, जुन्या वळणांवरून गाडी १० किलोमीटर ताशी ४० ने रखडते असं धरा. तिथे वेग १२० झाला तर १५ मिनिटांची ५ होतात. दहा मिनिटं वाचली. पहिल्या चार मिनिटांसाठी जास्त मोठ्या त्रिज्येची वळणं आणि जास्त वीज लागते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दुसऱ्या दहा मिनिटांसाठी बहुधा एक उड्डाणमार्ग, काही नवे सांधे आणि यार्डाची फेररचना पुरते. तरीही उद्‌घाटनाच्या फलकावर पहिलं काम दिसतं, दुसरं दिसत नाही. म्हणून कोणत्याही आराखड्यात मी सर्वांत आधी सर्वाधिक वेगाचा आकडा पाहत नाही. गाडी सर्वांत हळू कुठे चालते त्या जागांची यादी मागतो.

जुन्या मार्गाला मर्यादाही आहे, ती लपवू नये. वेग दुप्पट करायचा तर वळणाची त्रिज्या चौपट लागते. ताशी १६० ला हजार-बाराशे मीटरच्या आसपासची त्रिज्या चालते, ३०० ला चार हजार मीटर आणि त्याहून जास्त लागते. डोंगरातून किंवा दाट वस्तीतून गेलेला शंभर वर्षांपूर्वीचा मार्ग त्याच जागेवर ठेवून एवढा सरळ होत नाही. १६० च्या पुढे फाटकं काढावी लागतात. २०० च्या आसपास रुळांकडेचे सिग्नल चालकाला वेळेत वाचता येत नाहीत, म्हणून संकेत इंजिनातच दिसावे लागतात. सुधारलेल्या जुन्या मार्गाची व्यवहार्य कमाल म्हणूनच साधारण २०० च्या घरात थांबते. शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या शहरांना तेवढं भरपूर होतं. मात्र चारशे-सहाशे किलोमीटरवर, जिथे विमानाशी गाठ आहे, तिथे प्रवास तीन तासांच्या आत आणायचा तर २०० पुरत नाहीत. माद्रिद ते बार्सिलोना हे ६२१ किलोमीटरचं अंतर २००८ पासून अडीच तासांवर आलं, ते नव्या मार्गामुळेच.

मार्ग भरला आहे का?

माझ्या दृष्टीने निवडीचा खरा कस इथे लागतो. एकाच दुहेरी मार्गावरून मालगाडी ताशी ८० ने आणि जलद गाडी २०० ने जाते असं समजा. १०० किलोमीटरला मालगाडीला ७५ मिनिटं लागतात, जलद गाडीला ३०. म्हणजे मालगाडी सुटल्यावर पाऊण तास जलद गाडी तिच्या मागे सोडता येत नाही. नाहीतर मालगाडीला मध्येच लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालून उभं करावं लागतं. सगळ्या गाड्या सारख्याच वेगाने चालत असत्या तर त्याच पाऊण तासात दर चार-पाच मिनिटांनी एक गाडी गेली असती. आणि यातला सर्वांत दुर्लक्षित भाग असा, की मिश्र मार्गावर जलद गाडीचा वेग आणखी वाढवला की फरक वाढतो आणि मार्गाची क्षमता उलट घटते. त्याचा फटका प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्या गाडीला बसतो, कारण बाजूला उभी राहते ती तीच.

म्हणून नव्या मार्गाचं सर्वांत भक्कम समर्थन वेगात नाही, गाड्या वेगळ्या करण्यात आहे. जपानने १९६४ साली तोक्यो-ओसाका शिनकान्सेन सुरू केली तेव्हाचा मूळ प्रश्न हाच होता. या दोन शहरांमधला जुना तोकाइदो मार्ग १०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) होता, आणि देशाच्या रेल्वे वाहतुकीचा सुमारे चौथा हिस्सा त्या एकट्यावर होता. मार्ग तुंबला होता. आणखी दोन मार्गिका घालणं भागच होतं. मग त्या अरुंद गेजच्याच का घालायच्या, असा प्रश्न पुढे आला आणि १४३५ मिलिमीटर गेजचा, एकही फाटक नसलेला, फक्त प्रवासी गाड्यांचा ५१५ किलोमीटरचा मार्ग झाला. जुन्या मार्गावर जलद गाडीला साडेसहा तास लागत. नव्यावर सुरुवातीला चार आणि पुढच्याच वर्षी तीन तास दहा मिनिटं लागू लागली. आज गर्दीच्या तासाला एका दिशेने फक्त नोझोमी या सर्वांत जलद गाड्याच बाराच्या आसपास सुटतात. सारख्या वेगाच्या गाड्या आणि सारखीच त्वरणशक्ती असल्याशिवाय हे शक्य नाही. खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला, राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंते हिदेओ शिमा या दोघांनाही उद्‌घाटनाआधीच पद सोडावं लागलं. पण गरज खरी होती, म्हणून तो मार्ग टिकला आणि भरला.

स्वित्झर्लंडचा प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तरही. तिथे मोठी शहरं एकमेकांपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहेत. १९८२ मध्ये देशभर दर तासाला ठरावीक मिनिटाला गाडी सुरू झाली. १९८७ च्या डिसेंबरमध्ये सार्वमताने ‘बान २०००’ हा आराखडा मंजूर झाला. त्याचं सूत्र होतं: शक्य तेवढं वेगवान नव्हे, गरजेपुरतं वेगवान. झुरिच, बर्न आणि बाझल ही स्टेशनं मोठी जंक्शनं मानली आणि त्यांच्यातला प्रवास एका तासाहून थोडा कमी असला पाहिजे असं ठरवलं. का? कारण मग सर्व दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या काही मिनिटं आधी जंक्शनला येतात, प्रवासी फलाट बदलतात, आणि तासानंतर काही मिनिटांनी सर्व गाड्या सुटतात. ५५ मिनिटांचा प्रवास ४५ मिनिटांवर आणून इथे काही मिळत नाही. प्रवासी जंक्शनवर दहा मिनिटं जास्त थांबेल एवढंच. पण ६५ चा ५५ वर आणला, तर एका मार्गाच्या सुधारणेने सगळ्या जोडगाड्या जुळतात.

बर्न आणि झुरिच यांच्यामध्ये माट्टश्टेटन ते रोथ्रिस्ट असा सुमारे ४५ किलोमीटरचा, ताशी २०० चा नवा तुकडा बांधला गेला तो नेमका एवढ्यासाठी. मूळ आराखड्यात असे चार नवे मार्ग होते. खर्चाचे अंदाज फुगल्यावर बाकीचे बहुतेक तुकडे मागे ठेवले, त्याऐवजी दुमजली डबे, कलणाऱ्या गाड्या आणि देशभर विखुरलेली शंभराहून अधिक लहानमोठी कामं हाती घेतली. १२ डिसेंबर २००४ ला नवं वेळापत्रक एका रात्रीत लागू झालं. काय कापायचं हे त्यांना ठरवता आलं, कारण समोर वेळापत्रक होतं. कोणत्या कामातून कोणती जोडगाडी जुळते हे दिसत होतं. मला हा आराखडा जगातल्या कुठल्याही रेल्वे आराखड्याहून जास्त शिकवणारा वाटतो, आणि तो फक्त श्रीमंत देशासाठी आहे असं मला मुळीच वाटत नाही. वेळापत्रक आधी लिहायला पैसे लागत नाहीत.

नव्या मार्गाचे दोन प्रकार

नवा मार्ग घ्यायचाच ठरलं, तरी त्यावर मालगाड्या न्यायच्या का, हे पहिल्याच दिवशी ठरतं आणि पुढे बदलता येत नाही. फ्रान्सने १९८१ ते १९८३ दरम्यान पॅरिस-लिआँ मार्ग उघडला तो फक्त प्रवासी गाड्यांसाठी. त्यामुळे हजारी ३५ पर्यंतचे (हजार मीटरला ३५ मीटर) चढ चालले आणि एकही बोगदा लागला नाही. जर्मनीने १९९१ साली हानोव्हर-व्युर्त्सबुर्ग मार्ग मालगाड्याही धरून आखला. चढ हजारी १२.५ पर्यंतच ठेवावे लागले, साठहून जास्त बोगदे आले आणि ३२७ किलोमीटरपैकी एक तृतीयांशाहून जास्त लांबी भूमिगत झाली. शिवाय बोगद्यात जलद गाडी आणि मालगाडी समोरासमोर येऊ नयेत म्हणून मालगाड्या मुख्यतः रात्री. पुढे २००२ मध्ये कोलोन-फ्रँकफुर्ट मार्ग करताना जर्मनीनेच मालगाड्या वगळल्या आणि हजारी ४० चे चढ स्वीकारले. मिश्र वापराचा मोह मोठा असतो, ‘एका खर्चात दोन कामं’ म्हणून. माझं मत आहे की डोंगराळ भागात तो टाळावा. प्रवासी गाड्या नव्या मार्गावर गेल्या की जुना मार्ग मालासाठी मोकळा होतोच. आल्प्समधल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड पायथा बोगद्यासारखी, माल हाच मुख्य हेतू असलेली कामं याला अपवाद.

फ्रान्सची दुसरी निवड त्याहून मोलाची. शहरात शिरताना गाड्या जुन्या रुळांवर आणि जुन्या मध्यवर्ती स्टेशनात जातात, आणि लिआँच्या पुढे साध्या मार्गांवरूनही धावतात. त्यामुळे नव्या मार्गाचा पहिला तुकडा उघडला त्या दिवसापासून दूरच्या गावांनाही वेळ वाचला. दक्षिण कोरियाने २००४ मध्ये हेच केलं: सोल ते देगू नवा मार्ग, तिथून बुसानपर्यंत विद्युतीकरण केलेला जुना, उरलेला नवा मार्ग २०१० मध्ये. मोरोक्कोने २०१८ मध्ये तांजिअर ते केनित्रा एवढाच ताशी ३२० चा मार्ग बांधला, पुढे कासाब्लांकापर्यंत जुना मार्ग सुधारून तिसरी मार्गिका घातली. प्रवास पावणेपाच तासांवरून दोन तास दहा मिनिटांवर आला. मर्यादित पैसा असलेल्या देशाने दुसरं काही पाहण्याआधी हे उदाहरण पाहावं.

गेजचा पेच

नव्या आणि जुन्या मार्गाचं गेज वेगळं असेल तर मात्र हा सोपा रस्ता बंद होतो. जपानने यामागाता (१९९२) आणि अकिता (१९९७) या मार्गांचं गेज बदलून शिनकान्सेन गाड्या आत नेल्या. तिथे त्या जास्तीत जास्त १३० ने धावतात, पण प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही. स्पेनचे जुने रूळ १६६८ मिलिमीटरचे. १९९२ मध्ये माद्रिद-सेव्हिया मार्ग १४३५ चा केल्यावर चाकांमधलं अंतर बदलणाऱ्या गाड्यांनी ही दरी भरली. जपानने नागासाकीसाठी तशीच गाडी करून पाहिली, पण ती वेगवान मार्गावर टिकणारी ठरली नाही. परिणाम असा, की २०२२ मध्ये उघडलेला ६६ किलोमीटरचा नागासाकी मार्ग बाकीच्या शिनकान्सेन जाळ्यापासून तुटलेलाच आहे. ताकेओ-ओन्सेन स्टेशनवर फलाट ओलांडून दुसरी गाडी धरावी लागते. जिथे दोन गेज एकत्र नांदणार आहेत, तिथे गाडी बदलण्याच्या जागा आराखड्यात पहिल्याच पानावर असाव्यात.

सुधारणा म्हणजे स्वस्त, हे गृहीत धरू नका

चालू मार्गावर काम करणं हे सर्वांत अवघड काम. ब्रिटनच्या वेस्ट कोस्ट मार्गाचं आधुनिकीकरण १९९८ च्या सुमारास अडीच अब्ज पौंडांच्या आसपास होईल असं धरलं होतं. ताशी २२५ किलोमीटर आणि सिद्ध न झालेलं नवं सिग्नलिंग त्यात गृहीत होतं. सिग्नलिंग सोडून द्यावं लागलं, वेग २०० वर थांबला, २००८ मध्ये काम संपेपर्यंत खर्च ९ अब्जांच्या जवळ गेला आणि प्रवाशांनी वर्षानुवर्षं शनिवार-रविवारचे ब्लॉक सोसले. जर्मनीने २०२४ मध्ये फ्रँकफुर्ट-मानहाइम हा सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग जुलै ते डिसेंबर चक्क पूर्ण बंद ठेवून एकदाच दुरुस्त केला. प्रवाशांना त्रास झाला, पण पर्यायी बसगाड्या आणि वळवलेल्या गाड्यांची तयारी असेल तर मला ही पद्धत रोजच्या रात्रीच्या तुकड्या-तुकड्यांपेक्षा प्रामाणिक वाटते.

कलणाऱ्या गाड्यांबद्दल थोडक्यात: इटलीची पेंडोलिनो आणि १९९० पासूनची स्वीडनची एक्स-२००० यांनी वळणदार मार्गावर वेळ वाचवून दाखवला. पण फाटकं, भरलेला मार्ग, एकेरी रूळ यांवर ते औषध नाही. मधल्या काळाचा उपाय म्हणून ठीक.

खर्चाचे आकडे देशागणिक फार बदलतात, तरी दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. युरोपीय लेखापरीक्षक न्यायालयाने (युरोपीय महासंघाची हिशेब तपासणारी संस्था) २०१८ च्या अहवालात तपासलेल्या वेगवान मार्गांचा सरासरी खर्च किलोमीटरला अडीच कोटी युरो निघाला, आणि गाड्यांचा प्रत्यक्ष सरासरी वेग आखलेल्या वेगाच्या ४५ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे ३०० साठी पैसे मोजले आणि १३५ मिळाले. दुसरी गोष्ट: कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये वेगवान मार्गासाठी मतदारांकडून सुमारे १० अब्ज डॉलरचे रोखे मंजूर करून घेतले, तेव्हा पूर्ण कामाच्या पैशाची सोय नव्हती. जमीन ताब्यात येण्याआधी कंत्राटं दिली गेली. अंदाज ३३ अब्जांवरून १०० अब्जांच्या पुढे गेला. त्याच राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या उपनगरी मार्गाचं विद्युतीकरण मात्र २०२४ मध्ये पूर्ण होऊन रोजच्या प्रवाशांना त्याचा लाभ मिळू लागला.

लहान गावांचं काय

वेगवान मार्गाच्या प्रस्तावात हा मजकूर नेहमी शेवटच्या पानावर असतो, म्हणून मी त्यावर अडून बसतो. जपानमध्ये १९९७ च्या नागानो मार्गापासून शिनकान्सेन उघडली की समांतर जुना मार्ग बहुतेक ठिकाणी स्थानिक कंपन्यांकडे दिला जातो. तोटा आणि देखभाल प्रांतांच्या गळ्यात पडते, भाडं वाढतं. २०२४ मध्ये हाच मार्ग त्सुरुगापर्यंत वाढल्यावर ओसाकाहून थेट जाणाऱ्या जलद गाड्या तिथेच थांबू लागल्या. आता गाडी बदलावी लागते. फ्रान्समध्ये दोन दशकं पैसा नव्या मार्गांकडे वळत राहिला. २००५ च्या एका स्वतंत्र तांत्रिक तपासणीने जुन्या जाळ्याच्या खालावलेल्या स्थितीचा इशारा दिला होता. २०१३ मध्ये ब्रेतिन्यी इथे सांध्याची पट्टी निखळून गाडी घसरली, सात जणांचा जीव गेला.

स्टेशनची जागाही इथेच मोडते. उत्तर फ्रान्समधलं १९९४ चं ओत-पिकार्दी स्टेशन अमिएँ आणि सँ-काँतँ या दोन शहरांच्या मधोमध शेतात आहे, आणि त्याला साधी रेल्वे जोडलेली नाही. दोन्ही शहरांना समान न्याय म्हणून काढलेली ती जागा दोघांनाही मोटारीने गाठावी लागते. याउलट इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वेगवान मार्गावर २००९ पासून ताशी २२५ च्या प्रादेशिक गाड्या चालतात. ॲशफर्ड ते लंडन प्रवास निम्म्याहून कमी झाला, आणि याच गाड्या पुढे साध्या मार्गावरून किनाऱ्यावरच्या गावांना जातात. आंतरराष्ट्रीय गाड्यांसाठी बांधलेल्या मार्गाचा रोजचा फायदा शेजारच्या गावांना होतो तो असा.

मग मी काय निवडेन? शहरं दीडशे किलोमीटरच्या आत, मार्गावर अजून जागा असेल तर तिसरा पर्याय, तोही वेळापत्रक लिहून झाल्यावर. मार्ग भरलेला आहे पण मोठी शहरं लांब नाहीत, तर त्याच पट्ट्यात तिसरी-चौथी मार्गिका, २०० ते २३० च्या वेगाची, जलद आणि सावकाश गाड्या वेगळ्या करणारी. मार्ग भरलेला, शहरं मोठी, अंतर तीनशे ते सातशे किलोमीटर, गेज एकच, तर दुसरा पर्याय, सर्वांत तुंबलेल्या तुकड्यापासून सुरुवात करून. कारण ब्रिटनच्या एचएस-२ या नव्या वेगवान मार्गाची लीड्सची शाखा २०२१ मध्ये आणि मँचेस्टरची २०२३ मध्ये कापली गेली, तशी कुठेही कापली जाऊ शकते, आणि तरीही बांधलेला तुकडा एकटा उपयोगी पडला पाहिजे. पूर्ण वेगळा पहिला पर्याय फक्त तिथे, जिथे गेज वेगळं आहे आणि दोन्ही टोकांच्या शहरांत तासाला निदान पाच-सहा गाड्या भरतील एवढी माणसं आहेत. यांपैकी कोणत्याही प्रस्तावावर सही करण्याआधी तीन कागद मागावेत: उघडण्याच्या वर्षाचं तासावार वेळापत्रक, शहरात शिरण्याच्या शेवटच्या दहा किलोमीटरचा नकाशा, आणि जुन्या मार्गाच्या देखभालीसाठी पुढच्या तीस वर्षांची वेगळी राखलेली तरतूद.